ठराव : वाय दाबावे

त्या दिवशी सकाळी साडेदहाला आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरने एक प्रश्न विचारला, आणि पाच माणसं तो वाचून एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्यातला एक मी. मी म्हणजे जनार्दन ठोंबरे, शिळफाट्याच्या आमच्या वाचनालयाचा बावीस वर्षांचा मानद चिटणीस. मानद म्हणजे काम सगळं करायचं आणि बोलणी सगळ्यांची खायची, हे कुठलीही संस्था चालवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न इंग्रजीत होता. मॅट्रिकला इंग्रजीत बासष्ट मार्क मिळवल्यामुळे भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचून दाखवलं, ‘डिस्कमध्ये हरवलेले अकरा तुकडे सापडले आहेत. त्यांच्या फायली करून ठेवू का? वाय किंवा एन.’

“वाय म्हंजे?” अध्यक्ष भिवाजीशेठ म्हणाले. त्यांची भाताची गिरण आहे, आणि गिरणीत प्रश्न फक्त ते विचारतात.

“वाय म्हणजे होय. एन म्हणजे नाही.”

“मंग दाबते मी,” असं म्हणून यंत्रापुढे बसलेल्या आवडीने, म्हणजे यादी टाईप करणाऱ्या आमच्या मुलीने, बोट पुढे केलं.

“हां हां! हात लावू नको!” शेठ असे ओरडले की बाहेर पेपर वाचणाऱ्या दोघांनी मान आत घालून पाहिलं. “तुकडे कसले, कुनाचे, काय ठावं नाय. उद्या काय झालं तर जबाबदारी कुनाची?”

मुद्दा बिनतोड होता. साल एकोणनव्वद. साजगावच्या एका कारखान्याने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यातला एक आम्हाला दिला होता. अख्ख्या खालापूर तालुक्यात कॉम्प्युटर असलेलं वाचनालय आमचंच, आणि तो दगावला असता तर तालुक्याला तोंड दाखवायची सोय उरली नसती. म्हणून मी तिथल्या तिथे कार्यकारिणीची तातडीची सभा भरवली. चपला खोलीच्या बाहेर काढायचा नियम असल्याने सभा अनवाणी झाली. ठराव असा : ‘यंत्राच्या प्रश्नास वाय हे उत्तर द्यावे.’ सूचक मी. अनुमोदक कोंडाजी कंपाउंडर. विरोधात एक, नागू वायरमन, कारण नागू प्रत्येक ठरावाला विरोध करतो. मग आवडीने वाय दाबलं, यंत्राने थोडी कुरकुर केली, आणि पुस्तकांची यादी रोजच्यासारखी पडद्यावर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सभा संपून बाहेर आलो तर माझी एक चप्पल कुत्र्याने नेली होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला यंत्राने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता तुकडे चौदा.

कालचा ठराव आजच्या तुकड्यांना लागू होतो का, यावर अर्धा तास गेला. शेवटी ‘पुढील आदेश होईपर्यंत वाय दाबण्याचे अधिकार कु. आवडी पारधी यांस देण्यात येत आहेत’ असा सर्वसाधारण ठराव मी लिहून काढला. नागू विरोधात.

ही आवडी कोण, ते सांगतो. पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली मुलगी, वय पंचवीसच्या आसपास. माथेरानच्या एका हॉटेलात चादरी मोजायच्या कामाला होती. तिथल्या मॅनेजरला जेवणाची यादी टाईप करायचा कंटाळा, म्हणून हिला टाईपरायटर शिकवला. पावसात हॉटेलं बंद झाली की ही चार महिने घरी, आणि हॉटेलं उघडली की आठ महिने डोंगरावर; तिची आई, मंगळी, एकटी. आमच्याकडे चार हजार दोनशे पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची होती. आवडीला मीच आणलं, सहा महिन्यांच्या बोलीवर. यादी बिनचूक झाली तर मार्चअखेरच्या सभेत तिला कायम करायचं, असं ठरलं होतं. मंगळी एकदा रानातल्या करटोल्यांची टोपली घेऊन आली आणि मला म्हणाली, “सायेब, पोरगी बारा म्हयने दिसंल ना आता?” मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. चिटणिसाचा शब्द म्हणजे काय चेष्टा आहे?

आणि आता हे तुकडे.

गावात बातमी फुटली तशी सल्ल्यांची रांग लागली. पहिला नंबर नागूचा. “अर्थिंग नाय बरोबर,” तो म्हणाला. त्याने मागच्या अंगणात कमरेइतका खड्डा खणला, तळाला कोळसा आणि मीठ घातलं, आणि रोज सकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओतायचं काम मला दिलं. आठव्या दिवशी मीच त्या खड्ड्यात पडलो. तुकडे सतरा.

कोंडाजी पेपरातलं कात्रण घेऊन आला. कॉम्प्युटरला व्हायरस होतो, असं त्यात छापलं होतं. तीस वर्षं डॉक्टरांच्या पुड्या बांधल्यामुळे व्हायरसवर आपला हक्क आहे अशी त्याची समजूत. त्याने खोली फिनेलने धुऊन घेतली, फ्लॉप्यांच्या डब्यात डांबरगोळ्या टाकल्या आणि आवडीला नाकाला रुमाल बांधून टाईप करायला लावलं. डांबरगोळीच्या वासाने मला तीन दिवस शिंका आल्या. कोंडाजी म्हणाला, “बघा, संसर्ग सुरू झाला!”

माझ्या शेजारच्या सोनुबाईंना यातलं काही पटलं नाही. “नवी वस्तू, येनारा-जानारा बगतो. दिष्ट लागली हाय, दुसरं काय!” त्या मीठमोहऱ्या आणि मिरच्या घेऊन आल्या, यंत्रावरून सात वेळा उतरवल्या आणि दाराशीच निखाऱ्यावर टाकल्या. एरवी कितीही विनवण्या केल्या तरी न उठणारे पेपरवाचक त्या दिवशी दोन मिनिटांत रस्त्यावर खोकत उभे होते. तेवढा एक फायदा झाला. तुकडे एकवीस.

शेवटी, ज्याचं यंत्र त्यालाच विचारावं, म्हणून मी साजगावच्या कारखान्यात गेलो. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, “काम काय?” मी म्हणालो, “तुमच्या कॉम्प्युटरला तुकडे पडतात.” त्याने मला स्क्रॅपच्या गेटवर पाठवलं. स्क्रॅपवाल्याने स्टोअरमध्ये. स्टोअरच्या साहेबांनी रजिस्टर काढून दाखवलं की तो कॉम्प्युटर कागदोपत्री अजून त्यांच्याच तिसऱ्या मजल्यावर आहे, सुस्थितीत. “तुमच्याकडे जो आहे, तो आमचा नाही,” ते म्हणाले. “आमचा असेल तर तुमच्याकडे कसा?” मी तीस वर्षं खालापूरच्या कचेरीत कारकुनी केली आहे. दुसऱ्याला असं उत्तर देताना जी मजा येते, ती स्वतःला मिळताना मुळीच येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या खेपेला मी पुरावा म्हणून यादीची फ्लॉपी सोबत नेली. ती आत नेताना वॉचमनने नोंद केली नाही, आणि बाहेर आणताना ‘आत कधी आली?’ म्हणून ठेवून घेतली. तिसरी खेप ती फ्लॉपी सोडवण्यात गेली. चौथ्या खेपेला कुठे तिथला कॉम्प्युटरवाला गजानन भेटला. मूळचा कर्जतकडचा, चाळिशीचा, शांत माणूस. म्हणाला, “येतो हो, पण साहेबांची लेखी परवानगी आणा.” त्या परवानगीसाठी मी तीन प्रतींत अर्ज केला. मग पाच आठवडे काही नाही.

आता माझी एक खाजगी गोष्ट सांगायला हवी. आवडी आपलं काम आटपून, यंत्र झाकून सव्वासहाच्या एस.टी.ने वाडीला जायची. त्यानंतर मी हळूच ते उघडून बसायचो. झालं असं होतं, की यादीत पुस्तकाचं नाव, लेखक, देणगीदार यांच्यापुढे एक रकाना होता : शेरा. आणि तो कोरा होता! ज्याने तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले, त्याच्यासमोर चार हजार दोनशे कोरे रकाने ठेवले तर त्याने काय करावं? मी सुरुवात केली. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी शेरे. अगदी निर्भीड. म्हणजे तोंडावर मी कुणाला कधी वाईट बोललो नाही, पण रकान्यात माझा स्वभाव वेगळा आहे.

आठ वाजले की उठायचो. आमच्या फुकट्या वाचकांना सांगून उठवणं ब्रह्मदेवाला जमणार नाही, म्हणून बावीस वर्षांची माझी पद्धत अशी, की घड्याळात आठचा ठोका पडला की दाराजवळचा मेन खाली ओढायचा. सगळीकडे अंधार. मग झक मारत उठतात. शिळफाट्यावरची दुकानं माझ्या मेनवर घड्याळं लावतात, अशी माझी ख्याती. त्याआधी यंत्रावर आमच्या हिने भरलेलं मोराचं कव्हर घालायला मात्र मी एकदाही चुकलो नाही. आत हिरवी अक्षरं चमकत असायची, वर मोर. फार छान दिसायचं.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघावं तर शेरे गायब! मेहनतीने लिहिलेलं एक अक्षर शिल्लक नाही. मला वाटलं, हा यंत्राने केलेला माझा अपमान आहे. तक्रार करावी तर चोरून लिहितो हे कळणार. मी चिडून तेच शेरे पुन्हा लिहायचो, आदल्या दिवशीपेक्षा जास्त तिखट.

आणि मग फेब्रुवारीत एका सकाळी यादीतली तीनशे पुस्तकंच गेली. आवडी पडद्याकडे बघत नुसती बसून राहिली होती. “तीनशे बारा, सायेब,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांचं काम हाय.” तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही, पुन्हा पहिल्या कपाटापासून सुरू झाली.

भिवाजीशेठना हे कळताच त्यांनी निदान करून टाकलं. “यंत्र चांगलं हाय. अर्थिंग झाली, धुऊन झालं, दिष्ट काडली. राह्यलं काय? चालवनारी! चादरी मोजनारीच्या हातात कॉम्प्युटर दिला, तवा ह्येच होनार.” मार्चअखेरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मला लिहावं लागलं : ‘कु. आवडी पारधी यांची सेवा समाप्त करणे व यंत्र परत करणे.’ मंगळीला काय तोंड दाखवणार?

सभेच्या रविवारी सकाळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गजानन उभा राहिला. त्याच्या हातात परवानगीचा कागद, त्यावर सात सह्या.

तो चपला काढून यंत्रापुढे बसला. आम्ही मागे उभे : शेठ, कोंडाजी, नागू, मी. आवडी बाजूला, पदर घट्ट आवळून. यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला. तुकडे सव्वीस.

“रोज वाय दाबता का?” गजाननने विचारलं.

“हो. ठराव हाय तसा,” आवडी म्हणाली.

त्याने काहीतरी टाईप केलं. पडद्यावर एकाखाली एक फायलींची नावं उतरली, शेकडो. “ह्या बघा. सापडलेल्या तुकड्यांच्या फायली. यंत्राला काही झालेलं नाही. यादी उघडी असताना, काम चालू असताना, रोज वीज जाते. मग अर्धवट लिहिलेलं कुठे ठेवायचं ते मशीनला कळत नाही. सकाळी ते विचारतं, एवढं सापडलं, ठेवू का? आणि असं रोज झालं की चांगली यादीपण बिघडते.”

“लाईन जात नाय,” नागू म्हणाला. “वायरिंग माझी हाय.”

“मग कुणीतरी मधेच बंद करतं.”

मी दाराजवळच्या खटक्याकडे पाहिलं. आठचा ठोका, मोर, मेन! रेडिओ बंद करताना आपण आत बोलणाऱ्याला विचारतो का? मीही विचारलं नव्हतं. बास, तेवढंच.

सगळ्यांनी आवडीकडे पाहिलं. “मी नीट बंद करून जाते,” ती म्हणाली. “सव्वासहाच्या गाडीनं.”

“खोटं बोलतीय,” शेठ म्हणाले.

“त्यात काय, एक फाईल उघडू,” गजानन म्हणाला. “आत काय आहे त्यावरून कळेल कुणाचं काम.”

आणि त्या मुलीने झटकन पुढे होऊन दोन्ही हात कीबोर्डवर पालथे ठेवले. “नको! कचरा हाय त्यात. पुसून टाका.”

“बघा! बघा!” शेठना आनंदाने धाप लागली. “चोर सापडला! काय लपवतेस गं?”

तिने हात काढले नाहीत. मान खाली. आणि एका क्षणात माझ्या ध्यानात आलं की ती काय लपवत होती. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, मुद्दाम. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी माझं काही बिघडत नव्हतं. बावीस वर्षांचा मानद चिटणीस शाबूत, ती माथेरानला, यंत्र साजगावला. खरं सांगतो, दोन सेकंद मी गप्प राहिलोही. त्याची आजही लाज वाटते.

“हात काढ, आवडी,” मी म्हणालो. “उघडा हो, गजाननराव. मोठ्याने वाचा.”

गजाननने उघडली. तो अक्षर लावून वाचू लागला. एका थोर पुरुषाच्या आत्मचरित्रापुढे : ‘पहिली चाळीस पाने लेखक जन्मतच नाही.’ कोंडाजीने दिलेल्या घरगुती औषधांच्या पुस्तकापुढे : ‘देणगीदार स्वतः आजारी पडले की डॉक्टरकडे जातात.’ वीजदुरुस्तीच्या पुस्तकापुढे : ‘नागूने वाचले असते तर सभागृहातला पंखा फिरला असता.’ आणि मग, देवा, भिवाजीशेठच्या मेहुण्यांच्या कवितासंग्रहापुढे : ‘अध्यक्षांच्या आग्रहाने पंचवीस प्रती. वाळवीनेही हात लावलेला नाही.’

बाहेरच्या पेपरवाचकांनी पेपर खाली ठेवले होते.

“शेरे माझे,” मी म्हणालो. “संध्याकाळी मी बसतो इथे. आणि आठ वाजता मेनही मीच ओढतो, यादी तशीच उघडी ठेवून. तुकडे मी पाडले. तीनशे बारा पुस्तकंही मीच घालवली. हिचा काही दोष नाही.” साठीला आलेल्या माणसाला सभेत घाम पुसायला धोतराचा सोगा वापरावा लागला, यापेक्षा अधिक काय सांगू?

शेठ माझ्याकडे न बघता आवडीला म्हणाले, “तुला ठावं होतं?”

“वीज बंद केल्यानं होतं ते नव्हतं ठावं. पन रोज सकाळी वाय दाबलं का त्या फायली उघडून बगायचे, त्यात सायबांचं लिवलेलं दिसायचं. मला वाटलं, मशीन सायबांचं जपून ठेवतंय.”

“मंग सांगितलं का नाय?”

“तुमची सगळ्यांची नावं हायत त्यात,” ती म्हणाली. “सायबांना कशाला बोलनी बसवायची?”

मी पुढे होऊन विषयपत्रिका फाडली. ‘कु. आवडी पारधी यांना कायम करण्यात यावे,’ मी म्हणालो, ‘आणि चिटणिसांचा राजीनामा स्वीकारावा.’ पहिल्या भागाला सूचक मी, अनुमोदक कोंडाजी. नागूने सवयीने हात वर केला आणि मग, बावीस वर्षांत प्रथमच, “नाय, हितं बरोबर हाय,” म्हणून खाली घेतला. दुसऱ्या भागाकडे शेठचं लक्षच नव्हतं. ते पडद्यासमोर वाकून मेहुण्यांच्या पुस्तकापुढचा शेरा स्वतः एकेक अक्षर लावून वाचत होते.

“पुसू का?” गजाननने विचारलं.

“ऱ्हाऊ द्या,” शेठ म्हणाले. “खरं हाय ते. लगीन झाल्यापासनं सांगायचं व्हतं मला.” आणि गुमान चपला घालायला बाहेर गेले. राजीनाम्याचा विषय तिथेच संपला.

सगळे पांगल्यावर आवडीने मला यंत्रापुढे बसवलं आणि यादीतून बाहेर कसं पडायचं, मग कुठलं बटण, मग मेन, असं तीनदा करून घेतलं. चौथ्यांदा माझं मलाच जमलं. मग ती जरा घुटमळली.

“सायेब, एक बोलू का? तुमी काई पुस्तकांपुढं ‘जरूर वाचावे’ असं लिवता. ती मी घरी न्यायचे. आईला वाचून दाखवते. पन तुमी लई कमी लिवता हो. चोवीसच हायत. सगळी झाली वाचून.”

तीस वर्षं मी कागदांवर शेरे मारले. ते कुणी वाचून त्याप्रमाणे काही करेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी नाक शिंकरलं, डांबरगोळ्यांना दोष दिला आणि यादी उघडली. त्या दिवशी मी आणखी अकरा पुस्तकांपुढे ‘जरूर वाचावे’ लिहिलं. त्यातली दोन मी स्वतः वाचलेली नव्हती. ती काखोटीला मारून घरी घेऊन गेलो.